दोन पावसाळे आणि वीस वर्षांचा वारा

पाटण तालुक्यातल्या ज्या सड्यावर आमचा वारा मोजण्याचा शंभर मीटरचा मास्ट, म्हणजे खांब, उभा होता, तिथे जुलैत जीपचं दार उघडायला दोन्ही हात लावावे लागतात. मी पहिल्यांदा गेले ती मात्र फेब्रुवारीतली दुपार होती. गवत वाळून पिवळं पडलेलं आणि वारा एवढाच, की ओढणीचं टोक हलावं. मास्टची राखण करणारे गृहस्थ, ज्यांना साइटवरचे सगळेच मामा म्हणायचे, माझ्याकडे बघून हसले. "ताई, आत्ता काय बगणार तुमी? तरण्या पावसात या. खांब नुसता घुमतो."

तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, साधारण सहा जुलैपासूनचे दोन आठवडे. मग पुष्य, म्हणजे म्हातारा पाऊस. मघा लागली की वारं सुस्तावतं, असंही मामांनी सांगितलं. मी ते साइट-व्हिजिटच्या फॉर्मवर 'इतर निरीक्षणे' या रकान्यात लिहिलं. खरं तर त्या रकान्यात लिहायला दुसरं काही नव्हतं.

माझं काम पुण्यात, ऑफिसात. मास्टने दोन वर्षं वारा मोजला होता. जमीन घेऊन बसलेल्या कंपनीला तिथे पवनचक्क्या लावायच्या होत्या, आणि कर्ज देणाऱ्या बँकेला पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सरासरी किती वीज निघेल हे हवं होतं. अडचण साधी आहे. मोजलेली दोन वर्षं वाऱ्याची होती की पडेल होती, हे त्या दोन वर्षांकडे बघून कळत नाही. एका वर्षाची सरासरी दीर्घकालीन सरासरीपासून सहा टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे असते, असा या धंद्यातला जुना ढोबळ आडाखा आहे. तो युरोपातून आलेला, पण वापरतात सगळेच. वेगात एक टक्का फरक पडला की विजेत दीड ते दोन टक्के पडतो. म्हणजे नुसत्या वर्षाच्या नशिबावर दहा टक्के वीज वरखाली. तेवढ्यात प्रकल्पाचा नफा येतो किंवा जातो.

यावरचा उपाय म्हणजे एमसीपी: मोजा, नातं लावा, मागे न्या. नवी विहीर खणली, दोन वर्षं तिची पातळी लिहून ठेवली, आणि शेजाऱ्याच्या विहिरीची चाळीस वर्षांची वही हाताशी असेल, तर दोन्हींचं नातं त्या दोन वर्षांत बघून घ्यायचं आणि शेजाऱ्याच्या वहीवरून आपल्या विहिरीची मागची चाळीस वर्षं मांडायची. पूर्वी शेजारी म्हणून जवळच्या वेधशाळेची नोंद घ्यायचे. पण वेधशाळेभोवती झाडं वाढतात, इमारती येतात, उपकरण बदलतं, आणि कागदावर वारा वर्षानुवर्षं कमी होताना दिसतो. हल्ली वापरतात तो, जुनी निरीक्षणं हवामानाच्या मॉडेलमध्ये घालून मागचा वारा पुन्हा मांडणारा, रीअ‍ॅनॅलिसिसचा डेटा. नासाचा मेर्रा-२, १९८० पासूनचा. युरोपीय हवामान केंद्राचा एरा-५, आता १९४० पासून उपलब्ध, दर तासाचा, सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटीवर. मेर्रात वारा पन्नास मीटर उंचीवर मिळतो, एरा-५ मध्ये शंभरवर, म्हणजे आमच्या वरच्या कपाइतकाच. (कप म्हणजे कप अ‍ॅनिमोमीटर, वाऱ्याचा वेग मोजणारी वाट्यांची फिरकी; पूर्ण नाव फक्त रिपोर्टात येतं.)

पहिला आठवडा घड्याळात गेला. हे डेटासेट ग्रीनिचच्या वेळेत असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. तो वरचा अर्धा तास फार छळतो. एरा-५ मधला वारा त्या-त्या तासाच्या ठोक्याचा असतो, म्हणजे ग्रीनिचचे शून्य वाजले की आपल्याकडे साडेपाच. मास्टच्या दहा-दहा मिनिटांच्या नोंदी पाच ते सहा अशा एकत्र केल्या तर मध्य बरोबर साडेपाचला येतो, जुळतं. मेर्रात मात्र तासाची सरासरी असते, आपल्या घड्याळात साडेपाच ते साडेसहा. म्हणजे एकासाठी तास पाचला सुरू करायचा, दुसऱ्यासाठी साडेपाचला. ऑफिसात पूर्वीपासून चालत आलेल्या मॅक्रोने, म्हणजे हिशोब करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, दोन्हींना सरळ पाच तास जोडले होते. अर्ध्या तासाचं काय करायचं हे बहुधा लिहिणाऱ्याला सुचलं नसावं, आणि त्यानंतर कुणी ते उघडून बघितलं नाही. मीही नसतं बघितलं. तासाचा सहसंबंध (दोन मालिका किती एकत्र हलतात त्याचा आकडा, एक म्हणजे तंतोतंत) अपेक्षेपेक्षा कमी येत होता म्हणून मी एक मालिका दुसरीवर दहा-दहा मिनिटांनी सरकवून पाहिली, कुठे सर्वांत चांगलं जुळतं ते बघायला. शिखर शून्यावर यायला हवं होतं, ते आलं चाळीस मिनिटांवर.

तीस मिनिटं मॅक्रोची. वरची दहा कुठून आली, हे शोधायला दोन दिवस लागले. मास्टवरचा लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारं यंत्र, दहा मिनिटं संपल्यावर वेळेचा शिक्का मारतो, आणि मॅक्रो तो शिक्का सुरुवातीचा समजत होता. पाच दहा ते पाच वीसचा वारा कागदावर पाच वीस ते पाच तीसला वाहत होता.

मग सेन्सर. शंभर मीटरवर दोन कप असतात, समोरासमोरच्या बूमवर, म्हणजे मास्टमधून बाहेर काढलेल्या आडव्या दांड्यांवर. एक मास्टच्या आडोशाला आला की दुसरा मोकळ्यात असतो. दोघांच्या वेगाचं गुणोत्तर दिशेनुसार काढलं की मास्टची सावली स्पष्ट दिसते; तेवढा भाग गाळायचा. गाळल्यावर उरलेलं गुणोत्तर एकच्या जवळ स्थिर राहायला हवं. दुसऱ्या वर्षी जूनपासून ते हळूहळू घसरत ०.९८ ला आलं. एकाचं बेअरिंग जड झालं होतं. कोणत्याचं, ते ऐंशी मीटरच्या कपाशी ताडून ठरवलं: उत्तरेकडच्या बूमवरचा. त्याचा तेव्हापासूनचा डेटा टाकून दिला. दोन टक्के हा आकडा चार्टवर इतका बारीक दिसतो की डोळा सहज वरून जातो.

साफसफाई झाली. मी दिवसाच्या सरासऱ्या घेतल्या, एका अक्षावर एरा-५, दुसऱ्यावर मास्ट. सहसंबंध ०.९३. ढग असा सरळ रेषेत की मी तो चार्ट थेट प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर टाकला आणि सरांना दाखवायला गेले. सरांनी चहाचा कप न ठेवताच विचारलं, "जुलैचा एकट्याचा किती?"

तो मी काढला नव्हता. जागेवर येऊन काढला. ०.६२.

हे मला आधी सुचायला हवं होतं. वर्षभराचा सहसंबंध इतका वर जातो, कारण दोन्ही मालिकांना पावसाळा ठाऊक आहे. जूनमध्ये दोन्ही चढतात, ऑक्टोबरात दोन्ही उतरतात, आणि सगळं श्रेय नात्याला मिळतं. पावसाळ्यात वारा वाढतो हे सांगायला उपग्रह लागत नाहीत. मामांनी फेब्रुवारीत, तेही फुकट सांगितलं होतं. मला हवं होतं ते वेगळंच: एक जुलै दुसऱ्या जुलैपेक्षा किती जोरात किंवा किती मंद. आपल्याकडे पवनचक्क्यांची साधारण दोनतृतीयांश वीज जून ते सप्टेंबरात निघते. जिथे पैसा आहे, नेमकं तिथेच नातं सैल होतं, आणि वर्षभराच्या देखण्या आकड्यामागे ते लपून बसलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून महाग पडली असती. पावसाळ्याचे ठिपके वेगळ्या रंगात टाकले तर एकाच ढगात दोन ढग निघाले. पश्चिमेच्या पावसाळी वाऱ्यात मास्टचा वेग एरा-५ च्या दीडपटीजवळ जायचा. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यात जेमतेम दहा टक्के जास्त. कारण जमिनीवर उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं, पण ३१ किलोमीटरच्या चौकटीत नाही. कोयनेचं खोरं, सह्याद्रीचा कडा आणि सडा हे सगळं मॉडेलच्या लेखी एक गुळगुळीत उंचवटा. पश्चिमेचा वारा कड्यावर चढताना दाबला जातो आणि वेग घेतो, हे त्याला ठाऊकच नसतं. हिवाळ्यातला वारा देशावरून सपाटीने येतो, त्याला कुठे चढ लागत नाही. शिवाय नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जो झोत फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडला, त्याचा गाभा समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरच्या आसपास असतो, आणि आमचा सडा अकराशे मीटरवर. म्हणजे त्या झोताच्या खालच्या अंगाला आम्ही डोकं लावून बसलेलो. वर्षभराला एकच रेषा बसवली तर ती दोन्ही ढगांच्या मधून जाते आणि दोघांनाही चुकवते. ऋतू वेगळे, दिशा वेगळ्या, असं करून नाती लावली.

ऋतूच्या सीमा मी आधी कॅलेंडरप्रमाणे ठेवल्या, एक जून ते तीस सप्टेंबर. जून बिघडायचा. मोसमी वारा कधी सात तारखेला सुरू होतो, कधी वीसला, आणि मधला सगळा काळ मे महिन्यातल्या संध्याकाळच्या वाऱ्यासारखा वागतो. शेवटी तारीख सोडली आणि वाऱ्याची दिशा सलग काही दिवस पश्चिमेला टिकली की पावसाळा सुरू, असं धरलं. दोन्ही वर्षी ती तारीख मृग सरून आर्द्रा लागायच्या सुमाराला आली. 'इतर निरीक्षणे' वाला फॉर्म काढून पुन्हा वाचला, हे कबूल करते.

आता पद्धती. साध्या लिनिअर रिग्रेशनची, म्हणजे ठिपक्यांच्या ढगातून सरळ रेषा बसवण्याची, एक खोड सांगायलाच हवी, कारण नवीन मुलं अजून त्यातच अडकतात. रेषेचा उतार येतो तो दोन्हींच्या प्रमाण विचलनांच्या गुणोत्तराला सहसंबंधाने गुणून. सहसंबंध ०.८ असेल तर भाकीत केलेल्या वेगाचं व्हेरिअन्स, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, खऱ्याच्या ६४ टक्केच उरतं. सरासरी बरोबर, पण जोराचे दिवस कापले गेलेले आणि पडेल दिवस वर उचललेले. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे जोराचे दिवस कापले की ऊर्जा खरीखुरी घटते. यावरचा सोपा तोडगा म्हणजे व्हेरिअन्स रेशो: उतार सरळ प्रमाण विचलनांच्या गुणोत्तराएवढाच घ्यायचा, सहसंबंध त्यात आणायचाच नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या मंडळींनी २००५ मध्ये चार पद्धतींची तुलना केली, तेव्हापासून ही पद्धत घरोघरी पोचली. तिच्यात विद्वत्ता दिसत नाही, म्हणून लोकांना ती आवडत नाही.

मी चार उमेदवार घेतले: रिग्रेशन, व्हेरिअन्स रेशो, मॅट्रिक्स मेथड, आणि आमच्या ज्युनिअरच्या आग्रहाने रँडम फॉरेस्ट ही मशीन लर्निंगची पद्धत. परीक्षा अशी, की पहिल्या पावसाळ्यावर शिकायचं आणि दुसरा ओळखायचा, मग उलट. बहुतेक लोक तासांची सरमिसळ करून काही शिकायला आणि काही तपासायला ठेवतात. त्यात फसवणूक होते, कारण अकरा वाजताचा वारा शिकलेल्या मॉडेलला बारा वाजताचा ओळखायला काय लागतं? सरमिसळीच्या परीक्षेत रँडम फॉरेस्ट पहिलं आलं, भरघोस मार्कांनी. पावसाळा बदलला तसं ते शेवटून पहिलं. या जातीचं मॉडेल जे पाहिलं त्याच्या बाहेर जातच नाही, आणि दुसऱ्या वर्षीच्या जुलैत असे काही दिवस होते जे पहिल्या वर्षी आलेच नव्हते. ज्युनिअर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मॅट्रिक्सची अडचण वेगळी: वेग आणि दिशेचे इतके कप्पे की जोराच्या वाऱ्याचे बरेचसे रिकामेच. ऋतू आणि दिशेनुसार लावलेला व्हेरिअन्स रेशो दोन्ही वेळा सरासरीत एक टक्क्याच्या आत राहिला. रिग्रेशनची सरासरीही तिथेच होती, पण वेगाचं वितरण आक्रसलेलं, आणि विजेच्या हिशोबात तेच आडवं आलं.

अनिश्चिततेचा आकडा मात्र सॉफ्टवेअरने देऊ केला तो मी घेतला नाही. सॉफ्टवेअर समजतं की वर्षात ८७६० तास म्हणजे ८७६० स्वतंत्र नोंदी. पावसाळ्यात असं नसतं. झड लागली की आठवडाभर लागते, उघडीप पडली की तीही आठवडाभर. एका पावसाळ्यात अशा किती लाटा येतात? बोटांवर मोजण्याएवढ्या. म्हणून सुटे तास न उचलता दहा-दहा दिवसांचे अख्खे तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पुन्हा पुन्हा उचलले, दर वेळी नातं नव्याने लावलं आणि उत्तर किती पसरतं ते पाहिलं. सॉफ्टवेअरच्या आकड्यापेक्षा अडीचपट पसरलं. मला आनंद झाला. कंपनीला होणार नव्हता.

राहिला प्रश्न 'दीर्घकाळ' म्हणजे किती? आकड्यांत जितकी वर्षं जास्त तितकं बरं: सहा टक्क्यांचा चढउतार दहा वर्षांच्या सरासरीत १.९ टक्क्यांवर येतो, वीसच्या सरासरीत १.३ वर. पण जुन्या वर्षांत मॉडेलला मिळणारी निरीक्षणं वेगळी होती, नवनवे उपग्रह आले तशी ती बदलली, आणि मालिकेत कधीकधी पायरी दिसते जी वाऱ्याची नसून उपकरणांची असते. मी मेर्रा आणि एरा-५ ची वार्षिक सरासरी एकाच कागदावर काढली. नव्वदच्या दशकात दोघं एकमेकांना विचारत नव्हते. २००० नंतर हातात हात घालून चालत होते. मी वीस वर्षं घेतली.

त्या वीसमध्ये २०२० होतं, आणि त्यावर थोडं बोलायलाच हवं. त्या जुलैत वारा पडला, देशभर पवनचक्क्यांची वीज चांगलीच घटली. आणि हंगामाचा पाऊस? सरासरीच्या १०९ टक्के. ऑगस्टमध्ये तर १२७ टक्के, १९७६ नंतरचा सर्वांत ओला ऑगस्ट. चांगला पाऊस म्हणजे चांगला वारा, असं मीटिंगमध्ये कुणी म्हटलं की मी हे एवढंच सांगते.

आमच्या मोजणीची दोन वर्षं दीर्घकालीन सरासरीपेक्षा वर निघाली. दुरुस्ती आली वेगात उणे तीन टक्के, म्हणजे विजेत पाचच्या आसपास. रिपोर्टचा मसुदा गेला त्या संध्याकाळी कंपनीच्या माणसाचा फोन. "मॅडम, ते उणे तीन जरा बघा ना. शेवटची दहाच वर्षं घेतली तर उणे एक येतंय, आमच्या मुलाने काढलं." त्याचं गणित बरोबर होतं. दहा वर्षं घेतली तर उणे एकच येतं, आणि अठरा घेतली तर उणे साडेतीन. मी त्याला दोन्ही सांगितले. बराच वेळ तिकडून आवाज आला नाही. मग, "बँकवाले विचारतील का?" विचारतात. त्यांचा इंजिनिअर पहिलं तेच विचारतो, की वर्षांची खिडकी सरकवली तर उत्तर किती हलतं. रिपोर्टात मी तो तक्ता जोडला, सगळ्या खिडक्यांचा, आणि तो हलण्याचा हिस्सा अनिश्चिततेत घातला.

सगळं मिळून विजेतली अनिश्चितता बारा टक्के झाली. पी-५० म्हणजे निम्मी शक्यता असलेला आकडा. पी-९० म्हणजे दहापैकी नऊ वेळा ज्याच्या खाली जाणार नाही तो. एक वजा १.२८ गुणिले ०.१२ केलं की पी-५० च्या शंभर युनिटांमागे पी-९० ला पंचाऐंशी उरतात. कर्ज त्या पंचाऐंशीवर मिळतं. पंधरा युनिटं नुसती आपल्याला नक्की माहीत नाही म्हणून सोडून द्यायची, हे कंपनीच्या डायरेक्टरांना समजावताना मला घाम फुटला. त्यांचं म्हणणं होतं, की दोन वर्षं मास्ट उभा करून एवढा खर्च केला तो माहीत व्हावं म्हणूनच ना.

पुढच्या मे महिन्यात मास्ट उतरवला. जूनच्या शेवटी एका सकाळी मामांचा फोन आला, मागे घरघर इतकी की निम्मं ऐकू आलं नाही. "ताई, खांब काढला तुमी आन् वारं आलंय बगा! मध्यान रातीला खोपटाचा पत्रा गेला." नोंदवायला आता तिथे काही नव्हतं. एरा-५ चा ताजा डेटा पाच दिवस उशिरा येतो, तोवर थांबले आणि ती रात्र काढून पाहिली. संध्याकाळी साडेसातला वारा चांगला होता, मग दर तासाला थोडा थोडा उतरत गेलेला. मध्यरात्री, पत्रा गेला तेव्हा, मॉडेलप्रमाणे सड्यावर वारा पडत चालला होता. पावसाळी पश्चिमेच्या उताराने गुणून पाहिलं, तरी पत्रा उडावा एवढा होईना. रात्रीचे आणि दिवसाचे तास मी वेगळे काढले नव्हते. फाइल पुन्हा उघडली.